गिटहबवरचे स्टार रिझ्युमेवर लिहायचे का?

रात्रपाळी_०७:
लास्ट इयरला आहे, प्लेसमेंट तोंडावर आलीये. गिटहबवर (कोड ठेवायची साइट) सगळ्यांचे प्रोजेक्ट आहेत, आणि कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एकच धंदा चालूय, तू माझ्या रेपोला, म्हणजे प्रोजेक्टच्या फोल्डरला, स्टार दे मी तुझ्या देतो, एकाचे तर असे दोनशेच्या वर गेलेत. माझं मेसच्या हिशोबाचं ॲप आहे, रोज चाळीसेक पोरं वापरतात, पण स्टार ३, त्यातला एक माझाच 😅 मी पण घुसू का त्या ग्रुपात?

जुनंखोड:
लग्नातली पाकिटं फिरवल्यासारखंच झालं की हे, आहेर आणि परतआहेर. अरे स्टार म्हणजे मुळात बुकमार्क. आधी नुसतं 'वॉच' होतं, २०१२ मध्ये स्टार वेगळा काढला, तेव्हापासून नोटिफिकेशन पाहिजेत तर वॉच आणि नुसतं आवडलं तर स्टार. वापराशी त्याचा संबंध असेलच असं नाही. २०१९ ला चीनमधल्या डेव्हलपरांनी ९९६.आयसीयू नावाचा रेपो काढला, सकाळी ९ ते रात्री ९, आठवड्याला ६ दिवस राबवतात त्याच्या निषेधाचा, चालवायला प्रोग्रॅम असा काहीच नाही आणि स्टार दोन लाखांच्या वर! उलट लेफ्ट-पॅड नावाचं पॅकेज बघ, ११ ओळींचा कोड, २०१६ मध्ये लेखकाने एनपीएमवरून (जावास्क्रिप्टची पॅकेजं जिथून घेतात ते भांडार) काढला तर बॅबेलसारख्या मोठ्या टूलसकट कितीतरी प्रोजेक्टांचे बिल्ड आडवे पडले. ते कोणी स्टार बघून घेतलेलं नव्हतं, दुसऱ्या पॅकेजला ते लागतं म्हणून त्याच्यासोबत आपसूक आलेलं.

फोर्क_आणि_चमचा:
जुनंखोड, पटलं, पण अर्धंच. ज्या वडापावच्या गाडीवर गर्दी तिथेच आपण पण उभे राहतो ना, तसंच आहे ते. एचटीटीपाय नावाच्या टूलवाल्यांनी आपला रेपो चुकून प्रायव्हेट केला आणि ५४ हजार स्टार एका फटक्यात गेले, कोड जसाच्या तसा होता तरी २०२२ मध्ये त्यावर अख्खा ब्लॉग लिहिला. दहा वर्षांची जमलेली माणसं गेली, दुखणारच.

सानिका_एसआरई:
मी इंटरव्ह्यू घेते म्हणून सांगते. स्टारच्या आकड्यावर क्लिक केलं की कोणी दिले ती यादी उघडते, आणि तिथे सगळी एकाच कॉलेजची, एकाच आठवड्यात काढलेली रिकामी अकाउंट दिसली की मग पुढचं काही वाचावंसं वाटत नाही. शिवाय खोट्या स्टारचं प्रकरण नुसतं फुशारकीचं राहिलेलं नाही, २०२४ मध्ये चेक पॉइंट या सायबर सुरक्षा कंपनीने गिटहबवरची ३ हजारांवर बोगस अकाउंट शोधली, मालवेअरच्या रेपोंना स्टार देऊन ते खरे भासवायची. तू 'रोज ४० जण वापरतात' हे पहिल्या ओळीत टाक ना, ते सोडून ३ चं काय घेऊन बसलास? इश्यू, म्हणजे ॲपमधल्या चुकांच्या तक्रारी, येतात का कोणाच्या?

रात्रपाळी_०७:
येतात ना ताई, एक तर तीन महिने तसाच पडलाय, रविवारी मेस बंद असली तरी पैसे कापतं 🙈 आज तोच घेतो. आणि स्वतःचा स्टार काढला, आता २.