मदत हवी आहे: बाबांच्या फायब्रोस्कॅनचा आकडा कितपत धरायचा?

मंडळी, बाबांना फॅटी लिव्हर आहे. फायब्रोस्कॅनमध्ये यकृताचा कडकपणा ११.२ किलोपास्कल आला आणि घरात सगळ्यांचं धाबं दणाणलं. बरगड्यांच्या फटीत यंत्र हलका ठोका देतं, ती लहर आत किती वेगाने गेली ते अल्ट्रासाऊंडने मोजतं. यकृत जितकं कडक तितका वेग जास्त, एवढं समजलं. पण आधी किमान ३ तास पोट रिकामं लागतं, आणि बाबा पोहे-चहा उरकून गेलेले! कोणी सांगितलंच नव्हतं. एसजीपीटीही (रक्तातलं यकृताचं एन्झाइम) वाढलंय, त्यानेही आकडा फुगतो म्हणे. शिवाय रिपोर्टवर आयक्यूआर-मीडियन (म्हणजे घेतलेल्या मापांमध्ये आपसात किती फरक आहे ते) ३४ टक्के आहे. तो ३०च्या आत हवा ना? उपाशीपोटी पुन्हा करून घ्यावी, की डॉक्टरांना थेट बायोप्सीबद्दल विचारावं? पोटविकारातलं कोणी जाणकार असेल तर प्लीज सांगा.