डिझाइन नेतृत्वाचा अभ्यासक्रम केला, पण कारखान्यातल्या बैठकीत कोणी बोलतच नाही

ताणाबाणा :
नमस्कार. मी सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीतील एका टेरी टॉवेलच्या कारखान्यात नमुना विभाग पाहते. नोकरी सांभाळून मी नुकताच डिझाइन नेतृत्व आणि गटाने मिळून प्रश्न सोडवण्याच्या पद्धती या विषयांवरचा एक दूरस्थ अभ्यासक्रम पूर्ण केला. ब्रिटनच्या डिझाइन कौन्सिलने २००४-०५ च्या सुमारास मांडलेली दोन हिऱ्यांची आकृती त्यात होती : आधी प्रश्नाचा शोध घेऊन तो नेमका करायचा आणि मगच उत्तरे शोधून त्यातले एक पक्के करायचे. नेत्याने स्वतः उत्तर देण्यापेक्षा उत्तर निघेल अशी परिस्थिती निर्माण करावी, हेही पुन्हा पुन्हा सांगितले होते, आणि ते मला पटलेही.

आता प्रत्यक्षातला प्रश्न सांगते. आमच्या एका मालात धुतल्यावर टॉवेलची सपाट किनार रुंदीत जास्त आटते, फुलांचा, म्हणजे सुताच्या फासांचा, भाग तितका आटत नाही, आणि त्यामुळे कडेला झालरीसारखी लाट येते. विणकर, जॉबर (माग लावून देणारे व दुरुस्त करणारे), रंगाई, शिलाई अशा सर्वांना एकत्र बसवून मी चिठ्ठ्या वाटल्या. चहा झाला, चिठ्ठ्या कोऱ्याच राहिल्या. मालकांनी “सुताचा पुरवठादार बदला” असे सांगितल्यावर सगळ्यांनी माना डोलावल्या. त्याच संध्याकाळी जॉबरांनी मला लूमपाशी बोलावून किनारीवर नख फिरवून दाखवले : ग्राफमध्ये, म्हणजे विणीच्या चौकटींवरच्या नकाशात, किनारीला इंचामागे पिक (आडवे धागे) जास्त धरलेले आहेत आणि तिथल्या आडव्या सुताला पीळही जास्त आहे, मग ते धुण्यात आटणारच. तो ग्राफ आमच्याच विभागाचा होता. जी गोष्ट लूमपाशी इतक्या सहज सांगितली गेली, ती बैठकीत यावी यासाठी काय करावे? ज्यांनी अशा पद्धती कामाच्या ठिकाणी वापरल्या आहेत, त्यांचा अनुभव वाचायला आवडेल.

गणवेशवाला :
ताणाबाणा, आपण वाटलेल्या चिठ्ठ्यांची कल्पना चुकीची नाही. ॲलेक्स ऑसबर्न या जाहिरात व्यावसायिकाने गटात मोठ्याने कल्पना मांडण्याची पद्धत लोकप्रिय केली, पण १९५८ साली येल विद्यापीठातील टेलर, बेरी आणि ब्लॉक यांनी केलेल्या प्रयोगात चार जणांनी एकत्र बसून सुचवलेल्या कल्पनांपेक्षा चार जणांनी वेगवेगळे बसून सुचवलेल्या कल्पनांची बेरीज बरीच जास्त भरली. पुढे १९८७ मध्ये डील आणि श्ट्रोबे या मानसशास्त्रज्ञांनी त्याचे मुख्य कारण दाखवले, ते असे की एक जण बोलत असताना बाकीच्यांना थांबावे लागते आणि त्या थांबण्यात त्यांचे विचार अडतात. म्हणून आधी प्रत्येकाने शांतपणे आपले म्हणणे मांडावे आणि चर्चा नंतर करावी, ही पद्धत खरोखर उपयोगी पडते.

अडचण लिहिण्याची आहे. आपल्याकडे एका शेडमध्ये घरी तेलुगू बोलणारे, कन्नड बोलणारे, उर्दू बोलणारे आणि मराठी बोलणारे असे सगळे असतात. बोलायला कोणाला अडचण येत नाही, मात्र साहेबांसमोर मराठीत लिहायचे म्हटले की हात आखडतो. आमच्या गणवेशाच्या युनिटमध्ये आम्ही परत आलेले कपडे दोरीवर टांगतो आणि दोष जिथे सुरू झाला असे ज्याला वाटते, तिथे त्याने लाल दोरा बांधायचा. एकाच काखेच्या शिवणीवर पाच-सहा दोरे दिसले की चर्चा कुठून सुरू करायची ते वेगळे सांगावे लागत नाही. आणि मालकांनी आपला दोरा सर्वांत शेवटी बांधायचा, हा नियम मात्र काटेकोरपणे पाळावा लागतो.

पूर्वभाग :
लाल दोऱ्याची युक्ती चांगली आहे, पण मला वाटते की मूळ दुखणे वेगळ्या जागी आहे. आमच्या घरात यंत्रमागावर काम केलेली माणसे आहेत म्हणून हे स्पष्टपणे लिहितो. विणकराची मजुरी नगावर ठरते. तो आपल्या बैठकीत बसला असताना त्याचे माग बंद असतात, म्हणजे चहा आपला असला तरी बैठकीचा खर्च त्याच्या खिशातून जातो. शिवाय त्याने “किनारीला पिक कमी करा” असे सुचवले आणि पुढे माल परत आला, तर कापून कोणाचे घेतले जाणार, हे त्याला पक्के ठाऊक असते. अशा माणसाचे मौन हा लाजाळूपणा नसून हिशेब आहे.

व्यवस्थापनाच्या अभ्यासक ॲमी एडमंडसन यांनी रुग्णालयांतील गटांचा अभ्यास केला, तेव्हा चांगले नेतृत्व असलेल्या विभागांत औषधांच्या चुका जास्त नोंदलेल्या आढळल्या. तिथली माणसे चुका लपवत नव्हती, हे त्याचे संभाव्य कारण त्यांनी पुढे मांडले. हे अभ्यासक्रमांत हल्ली शिकवतात. मात्र स्कँडिनेव्हियात १९७० नंतर कामगारांना सोबत घेऊन यंत्रणा आखण्याची जी परंपरा सुरू झाली, तिच्यामागे कामगार संघटना उभ्या होत्या, ही बाब शिकवताना बरेचदा गळते. १९८१ साली सुरू झालेल्या युटोपिया प्रकल्पात तर वृत्तपत्रांच्या छपाई कामगारांनी पुठ्ठ्याचे खोके लेझर प्रिंटर म्हणून मांडून आपले भावी काम कसे होईल ते तपासले होते. पुठ्ठ्याचे खोके कोणीही आणील. ते नापसंत करण्याचा अधिकार त्या कामगारांना होता, आणि तो त्यांच्या संघटनेच्या बळावर होता.

आराखडा :
मी डिझाइन शिकवतो, त्यामुळे थोडे वेगळे मत मांडतो. रिटेल आणि वेबर या नियोजनाच्या अभ्यासकांनी १९७३ मध्ये ज्यांना मुळातच गुंतागुंतीचे, एकच बरोबर उत्तर नसलेले प्रश्न म्हटले, त्यांत आपल्या टॉवेलची किनार बसत नाही. सोलापूरला काही दिवसांआड येणारे पाणी हा तशा जातीचा प्रश्न आहे : उजनीचे पाणी शेतीला किती आणि शहराला किती, जलवाहिनीवर खर्च करायचा की वितरणावर, आणि टोकाच्या वस्तीने किती सोसायचे, यातल्या प्रत्येक उत्तराने कोणाचे तरी नुकसान होते, म्हणून तिथे सर्वांना एकत्र बसवण्याला पर्याय नाही. किनारीचे तसे नाही. पिक आणि पीळ बदलून दोन-तीन नमुने विणा, धुवा आणि पट्टीने मोजा. ज्या प्रश्नाचे उत्तर लूमवर मिळते, त्यासाठी बैठक भरवली की लोकांना बैठकीचाच कंटाळा येतो, आणि पुढे जेव्हा खरोखर गरज असते तेव्हा कोणी फिरकत नाही. माझ्या मते कोणता प्रश्न गटापुढे न्यायचा हे ओळखणे हाच या अभ्यासाचा निम्मा भाग आहे, आणि बहुतेक अभ्यासक्रम तिथे फारसे थांबत नाहीत.

दुसरी गोष्ट म्हणजे अंतिम निर्णय कोणाचा, हे बैठकीच्या आधीच सांगावे. मालक ठरवणार असतील तर तसे उघड सांगितलेले लोकांना चालते. मत विचारून मग ठरलेलेच केलेले चालत नाही.

ताणाबाणा :
सर्वांचे आभार. आराखडा यांचे म्हणणे किनारीपुरते मान्य आहे. पुढच्या लॉटमध्ये कमी पिकांचा एक आणि कमी पिळाच्या सुताचा एक असे नमुने घेण्याचे ठरवले आहे. तरीही ग्राफ तयार होताना जॉबर तिथे नसतात, ही अडचण नमुने धुऊन सुटत नाही, कारण पुढच्या डिझाइनला तीच चूक दुसऱ्या रूपात येईल. म्हणून ग्राफ पंचिंगला (त्यावरून मागाचे पत्ते पाडायला) जाण्याआधी तो घेऊन लूमपाशी जायचे आणि जॉबर व दोन विणकरांनी पाहिल्याशिवाय पुढे पाठवायचा नाही, असा प्रस्ताव मी मालकांपुढे ठेवणार आहे. त्या वेळेची मजुरी द्यावी, हे पूर्वभाग यांच्यामुळे त्यात घातले.

पूर्वभाग :
उत्तम. मजुरी कोणत्या दराने धरणार, तेवढे आधीच लिहून घ्या. शेडची सरासरी धरली, तर ज्याचा हात चांगला चालतो त्याचे नुकसान होते, आणि आपल्याला नेमका तोच विणकर हवा असतो. त्याच्या स्वतःच्या मागच्या आठवड्याच्या नगांवरून दर काढा.