सावलीतली बाग: तुमच्याकडे काय जगलं, काय गेलं?

मंडळी, ज्यांच्याकडे ऊन कमी येतं त्यांनी इथे आपापले अनुभव लिहा, नुसती झाडांची नावं नकोत, जागा कशी आहे, दिशा कोणती, पाणी किती देता तेही सांगा म्हणजे दुसऱ्याला उपयोग होईल. सुरुवात मी करते. पुण्यात उत्तरेची बाल्कनी, हौसेने मोगरा आणला, दोन वर्षं नुसती पानं, एक कळी नाही. शेवटी बहिणीच्या गच्चीत ठेवला तर पहिल्याच उन्हाळ्यात ओंजळभर फुलं! आता माझ्याकडे पीस लिली, सिंगोनियम, मनीप्लांट छान आहेत. पण उत्तरेला बारा महिने सावली असते असं धरून चालू नका. मे महिन्यात सूर्य पूर्वेच्या बराच उत्तरेला उगवतो आणि मावळतोही पश्चिमेच्या बराच उत्तरेला, त्यामुळे तिरपं ऊन थेट कुंड्यांवर येतं. मी चार दिवस गावाला गेले होते, आल्यावर बघते तर पीस लिलीच्या पानांवर जळलेल्या कागदासारखे तपकिरी चट्टे. तेव्हापासून मे लागला की हिरवी जाळी बांधते.

---

आमचं कोकणात, मागच्या दारी पोफळी आहेत, सावली आणि ओल दोन्ही भरपूर. न्हाणीचं पाणी जातं तिथे सासूबाईंनी अळू लावलंय, काळ्या देठाचं वडीला आणि हिरवं फतफत्याला. पोफळीवर नागवेल आणि मिरी चढवलीय. आणि सोनटक्का! पावसाळ्यात संध्याकाळी दार उघडलं की वास थेट स्वयंपाकघरात येतो, एवढं सुख दुसऱ्या कुठल्या झाडाने दिलं नाही मला.

---

वरच्या ताईंची सावली ओली आहे, माझी कोरडी. नाशिकला अंगणात जुना आंबा, त्याखाली मी हौसेने नेचे लावले, रोज पाणी घालूनही महिन्याभरात वाळले कारण आंब्याची मुळं सगळं पाणी ओढून घेतात, शिवाय खणायला गेलं की टिकाव मुळावरच आपटतो, झाडालाही इजा. मग खणणं सोडलं, कुंड्या ठेवल्या. स्नेक प्लांट आरामात तगला. बुंध्यापासून लांब, जिथे सकाळचं कवडशाचं ऊन येतं तिथे हळद लावली, वर आंब्याचाच पालापाचोळा पसरला, यंदा घरापुरती निघाली. अबोली मात्र अगदी कडेला ठेवा, आत गर्द सावलीत फुलं फार कमी येतात.

---

मुंबई, तळमजला. माझं झेडझेड प्लांटचं झाड सावलीने नाही, पाण्याने गेलं. सावलीत कुंडी लवकर सुकतच नाही आणि मी आपली रोज तांब्याभर ओततेय. उपटलं तर कंद मऊ, वास येत होता. आता बोट दोन पेरं मातीत घालून बघते, कोरडं लागलं तरच पाणी.

---

लहान मुलं असतील तर डिफेनबेकिया हाताला लागेल असा ठेवू नका प्लीज. माझ्या भाचीने पान चावलं, तोंडाची आग आग, ओठ सुजले, लगेच डॉक्टरकडे पळालो. अळूची खाज ज्या स्फटिकांमुळे सुटते तेच याच्यातही असतात. नर्सरीत कोणी सांगितलं नव्हतं म्हणून मुद्दाम लिहितोय.

आणि कोकणच्या ताई, सोनटक्का कुंडीत येईल का?

---

येईल की, पण कुंडी मोठी आणि पसरट घ्या. पाऊस सुरू झाला की कंद डोळा वर ठेवून दोन बोटं खोल लावा आणि माती सुकू देऊ नका. सकाळचं थोडं ऊन मिळालं तर फुलं जास्त येतात.