आतल्या फंक्शनमधून बाहेरचे व्हेरिएबल का बदलत नाही?

प्रश्न (रावेर): केळीच्या वजनांची बेरीज करणाऱ्या पायथन प्रोग्राममध्ये बाहेरच्या फंक्शनात ‘एकूण’ शून्य ठेवले आहे. आतल्या फंक्शनात ‘एकूण += वजन’ चालवताच ‘अनबाउंडलोकलएरर’ (मूल्य मिळण्याआधीच नाव वाचल्याची चूक) येतो; ‘एकूण’ नुसते छापले, तर मात्र येत नाही. असे का व्हावे?

उत्तर (भुसावळ): फंक्शनमध्ये कुठेही एखाद्या नावाला मूल्य दिले, की पायथन कंपाइल करतानाच ते नाव त्या संपूर्ण फंक्शनपुरते लोकल (फक्त त्याच फंक्शनचे) ठरवतो, म्हणून बेरजेसाठी जुने मूल्य वाचायला गेल्यावर तिथे काहीच सापडत नाही. आतल्या फंक्शनच्या सुरुवातीला ‘नॉनलोकल एकूण’ लिहावे, म्हणजे बाहेरच्या फंक्शनातले ‘एकूण’च वापरले जाते. ही सोय २००८ च्या पायथन ३.० पासून आहे. ‘ग्लोबल’ कृपया वापरू नका, कारण ते बाहेरचे फंक्शन ओलांडून थेट मॉड्यूलमधले (म्हणजे सगळ्या फंक्शनांबाहेर, फाइलच्या पातळीवरचे) नाव धरते.

उत्तर (धुळे): वजनांची लिस्ट (यादी) ठेवल्यास ‘अपेंड’ला, म्हणजे यादीच्या शेवटी नवे वजन जोडायला, नॉनलोकल लागत नाही, कारण तिथे नावाला नवे मूल्य दिले जात नाही.