भरतपूर की पोंग डॅम? डिसेंबरात बदकं बघायला

नोएडाकर:
मंडळी, आम्ही मूळचे नाशिकचे, नांदूर मध्यमेश्वरला पक्षी बघायला दरवर्षी जायचो, आता नोकरीमुळे इकडे आलोय. आईबाबा येतायत डिसेंबरात, दोन दिवस आहेत, बाबांचे गुडघे दुखतात. कुठे नेऊ?

फिरस्ता७:
भरतपूरच, डोळे झाकून. तिथलं पक्ष्यांचं केवलादेव राष्ट्रीय उद्यान जेमतेम २९ चौ.किमी आहे आणि आत सायकलरिक्षा मिळते, तेच रिक्षावाले पक्षी दाखवतात, आमच्या रिक्षावाल्या काकांनी तर न थांबता लांबूनच थापट्या बदक ओळखला, म्हणे चोच बघा, चमच्यासारखी आहे. बाबांना चालावं लागणार नाही. फक्त सायबेरियन क्रौंच दिसेल अशी आशा ठेवू नका, २००२ नंतर तो तिथे आलेलाच नाही. सारस मात्र बघा.

पाणकोंबडी:
हिमाचलातल्या पोंग धरणावर पट्टकादंब हंसांचे मोठ्ठे थवे असतात हे खरं, पण दिल्लीहून कांगडा म्हणजे येण्याजाण्यातच दोन दिवस जातील, आईबाबांना कशाला दमवताय!

नोएडाकर:
ओके, भरतपूर फायनल. ओखला पक्षी अभयारण्यात काय असतं?

फिरस्ता७:
अहो ते तुमच्या दारातच की, मॅजेंटा लाईनवर त्याच नावाचं मेट्रो स्टेशन आहे. यमुनेचा वास येतो, पण तलवार बदकं, थापटे, वारकरी (तो काळा पाणपक्षी) सगळे असतात. आणि एखाद्या बदकाच्या चोचीचं टोक पिवळं, वर लाल ठिपके दिसले तर परदेशी पाहुणा समजून नाचू नका, मी नाचलोय, ते आपलं हळदीकुंकू बदक, बारमाही इथलंच.