चिवचिव एकटीची, किलबिल अनेकांची

एका कथेचे मुद्रितशोधन करताना 'खिडकीच्या गजावर बसलेल्या एकट्या चिमणीची किलबिल ऐकून आजी जागी झाली' असे वाक्य समोर आले आणि मी 'किलबिल' या शब्दापाशी थांबलो. तिथे 'चिवचिव' हवे, असे समासात लिहून मोकळा झालो. परंतु लेखिकेने त्याचे कारण विचारले, तेव्हा या दोन शब्दांच्या घडणीकडे नीट पाहावे लागले. जे दिसले ते चर्चेसाठी मांडतो.

'चिवचिव' या शब्दात एकच ध्वनी जसाच्या तसा दोनदा येतो. चिमणा घरट्याजवळ बसून मादीला साद घालतो, तेव्हा तोही एकच तुटक स्वर थोड्या थोड्या अंतराने पुन्हा पुन्हा काढत राहतो. कावकाव, टिवटिव आणि कुहूकुहू या शब्दांची घडण अशीच आहे, आणि हे सर्व शब्द एकेका पक्ष्याच्या नावावर पक्के झालेले आहेत. 'किलबिल'मध्ये मात्र दुसऱ्या भागाचा आरंभ बदलून तिथे 'ब' आला आहे. गडबड, खळबळ, गजबज, चुळबुळ, लुडबुड हे शब्द याच साच्यातले असून त्या सर्वांत एकसारखे नसलेले, एकमेकांत मिसळलेले पुष्कळ काही घडत असते. चुळबुळ एकटे मूलही करते, हा आक्षेप येईल. परंतु तिथेही हात, पाय, मान यांच्या निरनिराळ्या लहान हालचाली मिळूनच चुळबुळ होते. म्हणून किलबिल म्हटले की अनेक कंठ आणि अनेक स्वर अभिप्रेत असतात, असे मला वाटते. दयाळ पक्षी एकटाच नाना प्रकारचे स्वर काढतो, तरी त्याला कोणी 'किलबिलतो' म्हणत नाही. तो गातो किंवा शीळ घालतो.

यापुढचा प्रश्न 'आट' या प्रत्ययाचा आहे, आणि लेखनात सर्वाधिक ढिलाई इथेच होते. चिवचिव, किलबिल, गडगड, कलकल यांना हा प्रत्यय लागला की स्त्रीलिंगी शब्द पुल्लिंगी होतो आणि त्याबरोबर आवाजाचे प्रमाणही वाढते. गडगडाट, कडकडाट, खडखडाट या शब्दांत ते स्पष्ट ऐकू येते. चिवचिवाट म्हणजे एकाच जातीच्या पुष्कळ पक्ष्यांची एकदम चाललेली चिवचिव, तर किलबिलाट म्हणजे तिन्हीसांजेला वडावर उतरणाऱ्या नाना पाखरांचा भरलेला आवाज. चष्मेवाला नावाचा पिवळसर हिरवा, डोळ्यांभोवती पांढरे कडे असलेला चिमुकला पक्षी थव्याने झाडात किडे शोधत फिरतो, तेव्हा थवा फुटू नये म्हणून सर्वजण सतत अगदी हलका आवाज करत असतात. त्या नाजूक आवाजाला 'किलबिलाट' म्हणणे म्हणजे तो न ऐकताच लिहिणे होय.

किलबिल आणि कलकल यांच्यातला स्वराचा फरकही मोलाचा आहे. लहान घंटेची किणकिण होते आणि मोठीची घणघण होते. 'इ' हा स्वर मराठी कानाला बारीक, उंच आणि हलक्या आवाजाशी जोडलेला वाटतो, तर 'अ' आणि 'आ' आले की आवाज जाड होतो. साळुंक्या भांडू लागल्या की त्यांचा कलकलाट होतो आणि ऐकणारा त्रासतो. विशेष असे की संस्कृतात 'कल' म्हणजे मधुर, अस्फुट. 'कलरव' या शब्दात तो गोडवा टिकून आहे, मराठी 'कलकलाट'मध्ये मात्र त्याचा मागमूसही उरलेला नाही. 'कूजन' हा आणखी एक सुंदर शब्द असून रामरक्षेतील 'कूजन्तं राम रामेति' या चरणामुळे तो घरोघरी ऐकलेला आहे. तरी तो चिमणीला लावू नये, कारण त्यात कोकिळेच्या लांबवलेल्या, गोलाईच्या स्वराची अपेक्षा असते.

आणि याहूनही लहान आवाज? डोळे न उघडलेल्या पिलाचा जो धाग्यासारखा स्वर घरट्यातून येतो, त्याला 'चिवचिव'सुद्धा जड वाटते. तिथे 'चीं चीं' हेच योग्य, कारण दीर्घ ईकार आणि अनुस्वार यांनी तो आवाज न तुटता ताणला जातो. 'हूं की चूं केले नाही' या वाक्प्रचारातला 'चूं'ही असाच, आवाजाचे सर्वांत लहान माप म्हणून आलेला आहे.

लेखिकेने पहिल्या वाक्यात 'चिवचिव' केले. पुढे आजीला माहेरचे अंगण आठवते, तिथे सुपातून सांडलेल्या कण्या टिपणाऱ्या चिमण्या होत्या, म्हणून तिथल्या 'किलबिल'च्या जागी मी 'चिवचिवाट' सुचवला. तो मात्र तिने नाकारला. त्या अंगणात जास्वंदीवर शिंजीर येत होते आणि कुंपणावर बुलबुलही होते, असे तिने दाखवून दिले. ते वाक्य मी पुरेसे लक्ष देऊन वाचले नव्हते. तिथे 'किलबिल' तशीच राहिली आहे.