मदत हवी आहे : आईला तारणाची (पापांची क्षमा होऊन सार्वकालिक जीवन मिळण्याची) खात्री कशी पटवू?

जय ख्रिस्त. आम्ही नाशिकला शरणपूर रोडला राहतो. आई ८१ वर्षांची, अंथरुणाला खिळलेली. बाबा गेल्यावर काही वर्षं तिने चर्च, प्रार्थना सगळंच सोडलं होतं. पुढे परत आली, पण आता बायबलमधलं इब्री पत्र ६:४-६ वाचल्यापासून तिला झोप नाही. एकदा प्रकाश मिळालेले पतन पावले तर त्यांना पुन्हा पश्चात्तापाकडे आणणं अशक्य, असं तिथे आहे. "मग माझं तारण गेलं का रे?" रोज रात्री हेच.

मी योहान १०:२८ (माझ्या मेंढरांना माझ्या हातातून कोणी हिसकावून घेणार नाही, असं प्रभू म्हणतो) वाचून दाखवतो, इफिस २:८-९ सुद्धा; तारण कृपेने, कर्मांनी नव्हे. तेवढ्यापुरती शांत होते. शिष्य पेत्राने येशूला तीनदा नाकारलं तरी प्रभूने त्याच्याच हाती मेंढरं सोपवली, हे मात्र तिला मनापासून पटतं.

इब्रीतली ती ताकीद ६:९ मधल्या दिलाशाशी (तुमच्याबद्दल मात्र याहून चांगल्या, तारणाच्या गोष्टींची खात्री आहे) जोडून सोप्या शब्दांत कशी सांगू? १ योहान ५:१३ तर 'सार्वकालिक जीवन आहे हे तुम्हाला कळावं' म्हणूनच लिहिलंय ना? जाणकारांनी सांगावं. घरी येऊन तिच्याजवळ शांतपणे बसतील असे चर्चचे वयस्कर पाळक (पास्टर) नाशिकमध्ये कोणाच्या ओळखीत असतील तर तेही कळवा.